रेडिओचाचांची मोहीम

रेडिओचाचा आठवड्यातून एकदा ई-मेल पाठवत आणि त्यात एक अक्षरही लिहीत नसत. विषयाची जागा कोरी, मजकुराची जागा कोरी, वर सलाम नाही की खाली नाव नाही. एक फाईल जोडायची आणि पाठवून द्यायची. चार-पाच दिवसांनी तिकडून उत्तर येई, तेही असंच मुकं. आत पुन्हा तीच फाईल, फक्त थोडी बदललेली. ती फ्लॉपीवर उतरवून घेऊन, "चलतो बेटा" म्हणून चाचा पायऱ्या उतरत.

मी थक्क होऊन बघत राहायची, कारण माझ्याकडे येणारं दुसरं कुणीही असं गप्प नसायचं. खाडीकाठच्या राजिवडा मोहल्ल्याकडे उतरणाऱ्या रस्त्यावर आमचा छापखाना होता. तो बंद पडल्यावर २००० साली मी त्या जागेत इंटरनेट सेंटर काढलं. तीन कॉम्प्युटर, आणि कोपऱ्यात परदेशी फोन लावायची काचेची केबिन. गिऱ्हाईक बहुतेक घरचं माणूस आखातात असलेलं. बायका शेजारी बसून सांगायच्या आणि मी टाइप करायची: धाकट्याला दात आला, विहिरीला पाणी आहे अजून, नणंदेच्या मुलीचं ठरतंय, येताना ब्लँकेट आण. संपवा म्हटलं तरी संपायचं नाही. एकदा न राहवून मी म्हटलं, "चाचा, निदान 'फाईल पाठवली आहे' एवढं तरी लिहा." ते गोंधळून माझ्याकडे बघू लागले. "फाईल दिसते ना त्याला? मग लिहायचं काय?"

आणि या माणसानं सगळी उमर निरोप पाठवण्यात घालवली होती. चाचा मालवाहू जहाजावर रेडिओ ऑफिसर होते. कट्ट कड कट्ट करत सांकेतिक भाषेत निरोप घ्यायचे आणि द्यायचे. हवामानाचे, बंदराचे, खलाशांच्या घरी मूल झाल्याचे, कुणाचा बाप गेल्याचे. मग जहाजांवर उपग्रहाची यंत्रं बसली, निरोप कुणीही बटण दाबून पाठवू लागला, आणि रेडिओ ऑफिसर ही जागाच उरली नाही. अठ्ठ्याण्णवच्या अखेरीस चाचा घरी आले ते कायमचेच. येताना सिंगापूरहून एक कॉम्प्युटर घेऊन आले. मोहल्ल्यात त्यांना सगळे रेडिओचाचाच म्हणत. त्यांचं खरं नाव मी कितीतरी वर्षांनी ऐकलं, आणि ऐकावं लागलं ते वाईट दिवशी.

फ्लॉपी जपण्यात त्यांचा हात कुणी धरला नसता. आमच्याकडच्या दमट हवेत फ्लॉपीला आतून बुरशी धरते. पावसाळा संपला की निम्म्या फ्लॉप्या फेकून द्याव्या लागत. चाचांच्या फ्लॉप्या मात्र कोरड्या ठणठणीत. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवायचे. नव्या बुटांच्या खोक्यात ओल शोषणाऱ्या ज्या पुड्या येतात, त्या अख्ख्या मोहल्ल्यातून गोळा करून डब्यात टाकायचे. प्रत्येक फ्लॉपीवर चिकटपट्टी, तिच्यावर बारीक ठळक अक्षरांत दोन गोष्टी: कितवी लढाई, आणि कुठल्या व्हर्जनमध्ये. मी विचारलं, "व्हर्जन कशाला लिहिता?" तर म्हणाले, "दोन्हीकडे एकच पाहिजे, बेटा. इकडे एक आणि तिकडे दुसरं, असं झालं की मामला खलास." मला त्यातलं काही कळलं नाही. लढाई हा शब्द तेवढा खटकला.

तो उलगडा झाला त्यांच्या घरी. त्यांचा सीडी ड्राइव्ह बिघडला म्हणून मी नवा बसवायला गेले होते. घर खाडीच्या बाजूला, पुढे चिरेबंदी ओटा. चाचा आणि त्यांची विधवा बहीण खैरूनआपा, अशी दोघंच राहत. काम झाल्यावर चाचांनी सीडी घातली, लुंगी सावरून खुर्चीत बसले, कानावर मोठे हेडफोन चढवले आणि टेबलाखालून खेळाचा दांडा, म्हणजे जॉयस्टिक, काढून समोर ठेवला. पुढच्या मिनिटाला पडद्यावर धावपट्टी आली आणि बघता बघता तो साठीकडे झुकलेला, पाच वेळचा नमाजी माणूस लढाऊ विमान घेऊन आकाशात गेला. मी अक्षरशः आ वासला. विमान कलतं झालं की चाचाही खुर्चीत कलते होत. मागे दुसरं विमान लागलं तसा त्यांचा श्वास जोरात ऐकू येऊ लागला. आतून आपांची हाक आली, "खाली उतर रे आता! घावनं थंड होतायत." चाचा ओरडले, "पेट्रोल आहे अजून!"

उतरल्यावर त्यांनी मला समजावून सांगितलं. यात सुट्या लढाया नसतात, एक अख्खी मोहीम असते. एका लढाईचा निकाल पुढच्या लढाईत उतरतो. विमान पडलं तर पुढच्या वेळी ते तुमच्याकडे नसतं. पूल उडवलात तर शत्रूची रसद तिथून येत नाही. पायलट मेला तर त्याच्या नावापुढे 'ठार' असं येतं आणि तो गेला तो गेला. हे सगळं एका फाईलमध्ये साठतं. तीच फाईल ते आठवड्याला माझ्याकडे आणत. तिकडचा माणूस पुढची लढाई उडवून फाईल परत पाठवी. इकडून चाचा उडत तेव्हा तिकडचा पायलट त्यांच्या बाजूला असे, त्याला कॉम्प्युटर चालवी. तो उडे तेव्हा चाचा त्याच्या बाजूला.

यात त्यांचा एक नियम होता. मागची फाईल उघडायची नाही. जुन्या सगळ्या डब्यात जपून ठेवलेल्या, पण लढाई हरली, चांगला पायलट मेला, म्हणून मागची फाईल लावून पुन्हा खेळणं त्यांना मंजूर नव्हतं. "जे झालं ते झालं," ते म्हणत. मी म्हटलं, "मग ठेवता कशाला?" "जहाजावर रोज लॉग लिहितात. म्हणून जहाज मागं जातं काय?"

"पण तिकडे उडतं कोण?" मी विचारलं. चाचा हेडफोनची वायर गुंडाळत बसले. मग नमाजाआधीचे हातपाय धुवायला, वुजूसाठी, मागच्या दारी गेले.

आपांनी माझ्यापुढे घावनांची ताटली सरकवली आणि सांगितलं, "आमचा यासीन. धाकटा भाऊ. दोहाला असतो. दोघं बोलत नाहीत, गो." आठवड्याला ज्याला फाईल जाते त्याच्याशी चाचा बोलत नव्हते! "किती दिवस?" आपा म्हणाल्या, "दिवस काय विचारतेस? आमची अम्मी गेली तेव्हापासून."

अम्मी गेली तेव्हा चाचा जहाजावर होते, आफ्रिकेच्याही पलीकडे. यासीन घरी होता. दफन थांबत नाही आणि चाचा पोचणं शक्य नव्हतं, हे त्यालाही माहीत होतं. त्यानं तार केली, ती जहाजाला पोचल्याचंही कळलं. उत्तराची वाट बघत तो पोस्टात फेऱ्या घालत राहिला. उत्तर आलं नाही. त्या आठवड्यात नाही, त्या महिन्यात नाही. जहाज भारतात लागल्यावर चाचा बॅग घेऊन ओट्यावर आले, तेव्हा यासीन दारातच उभा होता. "दुनियेचे निरोप पोचवतोस, आणि अम्मीसाठी दोन शब्द नाय आले तुझ्याच्यानं?" चाचांनी त्यालाही उत्तर दिलं नाही. तिथपासून दोघांची तोंडं बंद. यासीन रजेवर येई तेव्हा एकाच छपराखाली दोघं महिना काढत आणि मधे आपा. त्याला सांग मीठ कमी आहे. त्याला सांग पंपाला माणूस येणार आहे.

"मग ही फाईल?" मी विचारलं.

आपांनी पदर तोंडाला लावला. हसत होत्या. चाचांनी कॉम्प्युटर आणला त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात यासीन रजेवर आला होता. एका शुक्रवारी चाचा मशिदीतून आले, कॉम्प्युटर लावला आणि जागीच थबकले. मोहीम एका लढाईनं पुढे गेलेली. पथकात एक नवा पायलट, नाव यासीन, आणि त्याच्या नावावर शत्रूची दोन विमानं. चाचा बराच वेळ पडद्याकडे बघत उभे राहिले. आपांना वाटलं, आता कॉम्प्युटर अंगणात जातो. चाचा खाली बसले आणि पुढची लढाई त्यांनी उडवली. दुसऱ्या दिवशी ते बाजारात गेल्यावर यासीननं त्याच्या पुढची. अख्खी रजा अशी गेली. एकानं उठायचं, दुसऱ्यानं बसायचं, बोलणं नाही. जायच्या दिवशी यासीन आपांना म्हणाला, "त्याला सांग, सीडीची कॉपी मी घेतली आहे. फाईल पाठव म्हणावं."

त्या दिवसानंतर चाचांची ती कोरी ई-मेल पाठवताना माझा हात जरा अडखळायचा. ते आपले शांत असत. फाईल गेली की पडद्यावर 'पाठवली' असं दिसेपर्यंत हलायचे नाहीत. लाइन तुटली तर पुन्हा. गडगडाट सुरू झाला की मी मोडेमची वायर काढून ठेवत असे. मग ते ओसरीवर बसून पाऊस थांबायची वाट बघत. यासीनकडून यायला उशीर झाला तर विचारत नसत, पण रोज फेरी मारत. येऊन नुसतं दारातून बघायचे. मी मान हलवली की परत.

दुसऱ्या की तिसऱ्या वर्षी एक फाईल आली आणि ती चाचांकडे उघडेना. ते ताबडतोब फ्लॉपी घेऊन परत आले. त्यांचा चेहरा उतरला होता. पडद्यावर संदेश आला होता की ही मोहीम या खेळाच्या नव्या व्हर्जनमध्ये तयार केलेली आहे. यासीननं तिकडे दुरुस्तीचा पॅच घातला होता. खेळ काढणाऱ्या कंपन्या असे पॅच सारखे सोडत, त्यानं एक दोष जाई आणि दुसरा येई. चाचांनी असा एकही पॅच कधी घातला नव्हता. "चालतंय ते चालू द्यायचं," हे त्यांचं म्हणणं. आता घालण्यावाचून गत्यंतर नव्हतं. आमच्या टेलिफोनच्या लाइनवर तो पॅच उतरवायला आम्हांला कित्येक दुपारी लागल्या. मधे लाइन तुटे, वीज जाई, पुन्हा पहिल्यापासून. शेवटी तो उतरला, तुकडे करून फ्लॉप्यांवर भरला आणि चाचा डबा छातीशी धरून घरी गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शटर वर करते तोच ते उभे. रात्रभर डोळा लागला नसावा. आत आले, स्टुलावर बसले आणि म्हणाले, "यासीन मेला."

माझ्या हातातून किल्ल्या खाली पडल्या. मला दोहा आठवलं, आपा आठवल्या. "कधी? कसं कळलं?" चाचांनी डोकं हलवलं. "तो नाही. फाईलमधला." मला एकदम हसू आणि राग दोन्ही आलं, पण त्यांच्याकडे बघून दोन्ही जिरलं.

फाईल नव्या व्हर्जनमध्ये नीट उघडली होती. लढाईही साधी होती, शत्रू समोर आलाच नाही. दोघं निघाले, फिरले, परत आले. चाचांनी स्वतःच्या डोळ्यांनी यासीनचं विमान धावपट्टीवर उतरताना पाहिलं. आणि निकालाच्या पानावर यासीनपुढे 'ठार'. कुणी गोळी झाडली नाही, विमान पडलं नाही. जुनी मोहीम नव्या व्हर्जननं ओढून घेताना कुठेतरी तिची मोडतोड झाली होती, एवढंच. मी म्हटलं, "चाचा, यासीनभाईंनी पाठवलेली फाईल मेलमध्ये आहे अजून. ती पुन्हा लावून बघा."

"लावली," ते म्हणाले.

मागची फाईल कधी न उघडणारा माणूस हे सांगत होता.

"पुन्हा पुन्हा लावली. वेगळ्या रस्त्यानं नेलं त्याला. एकदा उडूच दिलं नाही, जमिनीवर ठेवलं. तरी मरतो. फाईलच तशी आली आहे."

उपाय त्यांना माहीत होता. पॅचच्या आधीची शेवटची फाईल त्यांच्या डब्यात होती, जुन्या व्हर्जनमधली. ती धड होती. तिथपासून सुरुवात केली तर मधल्या एक-दोन लढाया जातील, पण यासीन वाचेल. मात्र ती नव्या व्हर्जनवर उघडली तर पुन्हा तशीच मोडणार. दोघांनीही नवं काढून जुनं घालायला हवं, आणि हे यासीनला कुणीतरी सांगायला हवं. मी कीबोर्ड पुढे ओढला. "सांगा, मी टाइप करते." चाचा त्या कोऱ्या जागेकडे बघत राहिले. तोंड उघडलं, मिटलं. मग म्हणाले, "आपाला घेऊन येतो."

दुपारी आपा बुरखा सावरत काचेच्या केबिनमध्ये शिरल्या. चाचा दाराशी उभे. दार बंद होईना म्हणून सगळं मला ऐकू येत होतं. यासीन फोनवर आला. आधी खुशाली झाली. मग आपा म्हणाल्या, "हा सांगतोय, तू तो पॅच काढ. काय? कुठला? अरे मला काय माहीत, पॅच म्हणजे ठिगळच ना? ते उसव म्हणतो." चाचा बाहेरून, "उसव नाही! सांग, जुनं व्हर्जन!" आपा, "जुनं वर्जन घाल म्हणतो. त्यानं तू जगशील. तू मेलायस म्हणे. मला काय विचारतोस, मी मारलं काय तुला?" तिकडून बहुतेक ओरडण्याचा आवाज येत होता. मीटरचे लाल आकडे पळत होते. आपांनी एकदा रिसीव्हरकडे बघितलं, एकदा भावाकडे. "मेल्यांनो, माझी उमर गेली तुमचे निरोप सांगण्यात!" असं म्हणून त्यांनी रिसीव्हर चाचांच्या हातात कोंबला आणि तरातरा पायऱ्या उतरून गेल्या.

चाचा रिसीव्हर धरून उभे राहिले. कानाला लावला नव्हता. त्यातून बारीक "हॅलो, हॅलो" ऐकू येत होतं. समोरच्या कॉम्प्युटरवर एक गिऱ्हाईक होतं, तेही टाइप करायचं थांबलं. मग चाचांनी रिसीव्हर कानाला नेला.

"तू मरतोस रे," ते म्हणाले. "दर वेळेला मरतोस."

पलीकडचं "हॅलो" थांबलं. इतक्या वर्षांनंतर भावाशी बोललेले हे पहिले शब्द.

"माझ्याबरोबर नीट परत येतोस, आणि मग मरतोस. मी काय करू सांग. जुनी फाईल आहे माझ्याकडे, तिच्यात तू बरा आहेस. पण तू नवं काढायला पाहिजे. मी काढतो, तू काढ. ऐकतोयस ना?" मग ते बराच वेळ ऐकत राहिले. नंतर माझ्याकडे पाठ करून हळू आवाजात काहीतरी सांगू लागले, ते मला ऐकू आलं नाही. चाचांनी केबिनच्या काचेला कपाळ टेकलं आणि म्हणाले, "हसू नको, यासीन." मग, "रडू पण नको."

फोन ठेवल्यावर मी त्यांना पाणी दिलं. पेला दोन्ही हातांनी धरून ते आपणहून बोलू लागले. "तार मी स्वतः घेतली होती, बेटा. माझ्याच कानानं. अम्मी, हे अक्षर अक्षर करून उतरलं माझ्या हातातून. कॅप्टन येऊन बसला माझ्याजवळ. म्हणाला, घरी उत्तर पाठव. मी बटणावर बोट ठेवलं. दुसऱ्याचे असले निरोप किती पाठवले असतील मी. माझंच बोट हललं नाही. रोज बसायचो. रोज म्हणायचो, आज. मग इतके दिवस झाले की आता काय पाठवू? आणि घरी आलो तर त्यानं बरोबर तेच विचारलं." त्यांनी पेला खाली ठेवला. "मी त्याला काय सांगणार होतो, की बोट हललं नाही?"

"आज सांगितलंत?" मी विचारलं.

"सांगितलं," चाचा म्हणाले. ते स्वतःच चकित झालेले दिसले.

पुढचे दिवस मजेत गेले. यासीनकडे जुनं व्हर्जन राहिलं नव्हतं, सीडीची कॉपीही खराब झालेली. पॅचनं बदललेल्या खेळाच्या मूळ फाईल्स चाचांना तुकड्यातुकड्यानं पाठवाव्या लागल्या, कारण त्या वेळी मेलमधून मोठं काही जात नसे. आणि तुकडे म्हटले की सूचना आल्या. त्या कोऱ्या जागेत पहिल्यांदा अक्षरं उमटली, इंग्रजी लिपीत, घरच्या कोकणीत. हा पहिला तुकडा. उघडू नकोस, सगळे येऊ दे. हा दुसरा. पहिला मिळाला काय? चौथ्या-पाचव्या तुकड्याबरोबर मी वाचलं: आपाचे गुडघे दुखतात, तिकडचं ते मलम पाठव. पुढच्यात: अम्मीच्या कबरीशेजारची भिंत पडली होती, बांधून घेतली. सगळे तुकडे पोचल्यावर यासीनचं उत्तर आलं. चाचांनी ते मला मोठ्यानं वाचायला लावलं. "उघडली. मी जिवंत आहे. तू थोडा उंच उडत जा, फार खाली उडतोस."

"हा मला शिकवणार!" चाचा म्हणाले आणि दुकानात सगळ्यांना चहा सांगितला.

नंतर काही वर्षांनी यासीनभाई नोकरी सोडून कायमचे परत आले. फाईल पाठवायची गरज संपली, तसं चाचांचं माझ्याकडे येणंही कमी झालं. एकदा सहज त्यांच्या घरावरून जात होते तर ओट्यापर्यंत भांडण ऐकू आलं. घाबरून आत डोकावले. दोघे एकाच कॉम्प्युटरसमोर दोन खुर्च्या टाकून बसलेले. यासीनभाईंनी चाकं खाली न करता विमान उतरवलं होतं आणि चाचा त्यांना जे काही बोलत होते ते इथे लिहिता येणार नाही. आपा निवांत सुपारी कातरत होत्या. मला म्हणाल्या, "बघ गो. तेव्हा बोलत नव्हते तेच बरं होतं."

चाचा गेले ते कुणाला काही कळायच्या आत. सकाळी मला रस्त्यात भेटले होते. मासळी घेऊन चालले होते, "आपाला खेकडे पाहिजेत" म्हणाले. दुपारी नमाजाहून आल्यावर जरा पडतो म्हणून पडले. संध्याकाळी मशिदीच्या भोंग्यावरून इब्राहिम नावाच्या कुणाच्या तरी मय्यतीची सूचना झाली. मी दुकानात ती ऐकली आणि काम करत राहिले. इब्राहिम म्हणजे आपले रेडिओचाचा, हे शेजारच्या शिंप्यानं येऊन सांगितलं तेव्हा मी त्याच्यावर ओरडले, की काहीतरी बोलू नका, आत्ता सकाळी भेटलेत.

तिसऱ्या दिवशी, जियारतीच्या दुआला, मी गेले. बायका आतल्या खोलीत होत्या. आपांनी माझा हात धरून मला जवळ बसवून घेतलं. बाहेर पडताना दिसलं, बाजूच्या खोलीत कॉम्प्युटर चालू होता आणि यासीनभाई समोर बसले होते. हातात दांडा. मला धक्का बसला, खोटं कशाला बोलू. घरात माणसं बसलेली, आणि हे विमान उडवतायत! माझ्या चेहऱ्यावर ते दिसलं असावं. त्यांनी हेडफोन काढले.

"पाळी त्याची होती, ताई," ते म्हणाले. "मी उडवून टाकली. मोहीम थांबली असती."

पडद्यावर पथकाची नावं होती. यासीन नुकताच परत आलेला. त्याच्या वर एक नाव होतं, इंग्रजी अक्षरांत, रेडिओ. त्याला त्यांनी बरोबर नेलं नव्हतं.

"त्याला घेतलं नाहीत?" मी विचारलं.

यासीनभाईंनी मान हलवली. "जमिनीवर ठेवलाय. या व्हर्जनमध्ये जमिनीवर ठेवला की मरत नाही." त्यांनी फाईल साठवली, नवी फ्लॉपी घेतली आणि तिच्यावर चिकटपट्टी लावून कितवी लढाई आणि कुठलं व्हर्जन ते लिहिलं. अक्षर वेडंवाकडं आलं. खोडून त्यांनी पुन्हा नीट लिहिलं. "आता हा कॉम्प्युटर बदलायचा नाही," ते म्हणाले, "बिघडला तर तुम्ही येऊन दुरुस्त करायचा. नवं काही घालायचं नाही."

मी बरं म्हटलं. अजून जाते.